होसकोट्याचा पत्ता, बार्शीचा दाखला

बंगळूरजवळच्या होसकोट्यातल्या मराठी घरातली सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. माहेर बार्शीला असेल, गडहिंग्लजला असेल, नाहीतर निलंग्याला. सातव्या महिन्यात ओटीभरण होतं, गाडीचं तिकीट निघतं आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की ती परत येते. या धामधुमीत एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. बाळाची पहिली सरकारी नोंद कर्नाटकात झालेलीच नसते. जन्म जिथं झाला तिथल्याच निबंधकाकडे तो नोंदवायचा, असं 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. आईबाप कुठं राहतात याचा तिथं संबंध नाही. मूल होसकोट्यात वाढणार, तिथल्या शाळेत जाणार, कन्नड बोलणार, पण त्याचा जन्मदाखला बार्शी नगरपरिषदेचा.

त्यातून नोंद 21 दिवसांत करायची असते. बारसं पुढं ढकललेलं असतं, नावावर दोन्ही घरांचं एकमत झालेलं नसतं, म्हणून दवाखान्यातून नोंद जाते ती आईबापांच्या नावांची. बाळाच्या नावाची जागा कोरी. ते नाव वर्षभरात विनाशुल्क आणि त्यानंतर साधारण पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. आईला मात्र लवकर परतायचं असतं, दाखला आजोबांच्या कपाटात राहतो आणि शाळा-प्रवेशाच्या वेळी त्याची आठवण होते. तेव्हा बार्शी सुमारे सातशे किलोमीटरवर असते.

ओळखपत्र काढणं म्हणजे एखादा अर्ज भरणं, असं आपण समजतो. खरं तर आपल्याकडे ओळख ही कागदांची साखळी आहे. आधीच्या कागदावर जे लिहिलंय तेच पुढच्या कागदावर उतरतं, चुकीसकट. म्हणून आधार कसं काढायचं, पासपोर्ट कसा काढायचा या प्रश्नांच्या आधी, आपला पहिला कागद कुठला आणि त्यावर काय लिहिलंय, हे पाहायला हवं. परराज्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला तर फारच.

‘राष्ट्रीय ओळखपत्र’ असं म्हणता येईल असं एकच कार्ड भारतात नाही. नागरिकत्व कायद्यात 2003 च्या दुरुस्तीने 14-अ हे कलम आलं, प्रत्येक नागरिकाची नोंद करून त्याला राष्ट्रीय ओळखपत्र देण्याची तरतूद झाली, काही निवडक भागांत प्रयोगही झाले. देशभर ते कार्ड आलं नाही. त्या जागी आज आपल्या हातात वेगवेगळे कागद आहेत आणि प्रत्येक कागद वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ‘हा माणूस तोच का?’ याचं उत्तर आधार देतं. ‘हा भारताचा नागरिक म्हणून परदेशी जाऊ शकतो का?’ याचं उत्तर पासपोर्ट देतो. मतदार ओळखपत्र मतदारसंघाचं, पॅन प्राप्तिकराचं. आधार कायद्याच्या नवव्या कलमात स्वच्छ म्हटलंय की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. बिहारच्या मतदारयाद्यांच्या फेरतपासणीच्या वेळी सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार स्वीकारायला सांगितलं, तेही ओळखीचा पुरावा म्हणून, नागरिकत्वाचा म्हणून नव्हे. हा फरक माहीत नसल्यामुळे चुकीच्या खिडकीवर चुकीचा कागद घेऊन उभी राहणारी माणसं रोज दिसतात, आणि त्यात त्यांचा दोष फार थोडा असतो. कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

आधारचं मराठी मुलखाशी नातं जुनं आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी तिथं गेले होते. विशिष्ट ओळख प्राधिकरण 2009 च्या जानेवारीत स्थापन झालं होतं आणि त्याचे पहिले अध्यक्ष बंगळूरचेच नंदन निलेकणी. प्राधिकरणाचं तंत्रज्ञान केंद्रही बंगळुरात आहे. होसकोट्याच्या केंद्रात घेतलेले बोटांचे ठसे कुलूपबंद सांकेतिक रूपात प्राधिकरणाच्या केंद्रीय साठ्याकडे जातात, तिथं देशातल्या इतर सगळ्या ठशांशी ताडून पाहिले जातात, आणि हा माणूस आधी नोंदलेला नाही अशी खात्री झाली की बारा आकडी क्रमांक तयार होतो. ज्या न्यायमूर्तींच्या नावाने आधारचा खटला ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामीही कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. 2012 मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर त्यांनी याचिका केली. तिच्यातून ऑगस्ट 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सप्टेंबर 2018 च्या निकालाने आधार कायदा बहुतांशी टिकला, पण बँक खातं आणि मोबाइल जोडण्याची सक्ती गेली आणि खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारा भाग रद्द झाला.

टेंभली निवडण्यामागे एक चांगला हेतू होता. ज्यांच्याकडे एकही कागद नाही त्यांना पहिला कागद मिळावा. त्यासाठी ‘परिचयकर्ता’ ही सोय ठेवली होती. गावातल्या मान्यताप्राप्त माणसाने ‘याला मी ओळखतो’ असं सांगितलं की नोंदणी व्हायची. पण 2015 साली माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तराप्रमाणे तोवर दिलेल्या सुमारे 83.5 कोटी क्रमांकांपैकी परिचयकर्त्यामार्फत दिलेले अवघे 2.19 लाख होते. बाकी सगळ्यांनी आधीचे कागद दाखवूनच आधार काढलं. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. आधारला आपण पाया समजतो. प्रत्यक्षात ते जुन्या कागदांवर चढवलेला मजला आहे. रेशनकार्डावर आडनाव चुकलेलं होतं, तेच आधारवर गेलं. आधारवरून पॅनवर, पॅनवरून बँकेत.

आता होसकोट्यात येऊ. बंगळूर ग्रामीण जिल्ह्यातला हा तालुका, जुन्या मद्रास रस्त्यावर, कोलारच्या वाटेवर. सतराव्या शतकात होसकोटे शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत होतं. आज इथं मराठी माणूस येतो तो बहुधा कारखान्याच्या, गोदामाच्या किंवा व्हाइटफील्डकडच्या नोकरीसाठी. घर भाड्याचं असतं आणि तिथूनच पत्त्याची अडचण सुरू होते. वीजबिल घरमालकाच्या नावाचं, पाणीपट्टी त्याच्याच नावाची, आणि भाडेकरार अकरा महिन्यांचा, साध्या मुद्रांकावर केलेला. आधारचा पत्ता बदलायला गेलं की हा करार चालेल की नाही यावर दोन केंद्रांत दोन उत्तरं मिळतात. अशा वेळी हमखास चालणारे मार्ग दोन. एक, प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र. ते राजपत्रित अधिकारी, तहसीलदार, आमदार, नगरसेवक अशा ठरावीक लोकांच्या सही-शिक्क्याने मिळतं आणि तीन महिनेच चालतं. दुसरा मार्ग घरातल्या घरात निघतो. कुटुंबातल्या एकाच्या आधारवर होसकोट्याचा पत्ता चढला असेल, तर त्याला कुटुंबप्रमुख दाखवून बाकीच्यांचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो. नातं दाखवणारा कागद जोडायचा आणि प्रमुखाने तीस दिवसांच्या आत संमती द्यायची. 2023 च्या सुरुवातीला आलेली ही सोय भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी खरोखर उपयोगाची आहे आणि ती पुरेशा लोकांना माहीत नाही. नवऱ्याने आधी स्वतःचा पत्ता बँकेच्या पासबुकावर पक्का करावा, त्यावरून आधार बदलावं आणि मग बायकोमुलांचं करावं, हा क्रम सोपा पडतो.

होसकोट्यात आधारचं काम तालुका कचेरीत, काही बँकांत आणि टपाल कचेऱ्यांत होतं. खेड्यांकडे राहणाऱ्यांसाठी नाडकचेरी असते. नाडकचेरी म्हणजे होबळीचं, तालुक्यातल्या गावांच्या एका गटाचं, महसूल कार्यालय. होसकोटे तालुक्यात कसबा, जडिगेनहळ्ळी, नंदगुडी, सुलिबेले आणि अनुगोंडनहळ्ळी अशा पाच होबळ्या. पहिली नोंदणी पूर्ण मोफत असते. नाव-पत्त्यातल्या बदलाला 1 ऑक्टोबर 2025 पासून 75 रुपये आणि ठसे, डोळे, फोटो यांच्या बदलाला 125 रुपये. बाहेर फॉर्म भरून देणारा जास्त मागत असेल तर ते पैसे त्याचे, सरकारचे नव्हेत.

खुर्चीवर बसलं की एक क्षण असा येतो ज्याच्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं, आणि नेमकं तेव्हाच लक्ष हवं. ऑपरेटर माहिती भरतो आणि तुमच्याकडे तोंड केलेल्या पडद्यावर ती दिसते. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला प्रादेशिक भाषा. होसकोट्यात ती कन्नड. इंग्रजी ऑपरेटर टंकतो आणि त्यावरून कन्नड आपोआप तयार होतं. यंत्राला ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला फरक इंग्रजीवरून कळत नाही. काळ्यांचं कन्नडमध्ये ‘कले’ होतं, ढवळ्यांचं ‘धवले’, घाटग्यांचं भलतंच काही. कन्नडला ‘ळ’ आहे, तो हाताने दुरुस्त करता येतो, फक्त तिथल्या तिथे सांगायला हवं. आपल्याला कन्नड वाचता येत नसेल तर शेजारच्या कन्नड माणसाला किंवा आपल्या शाळकरी मुलाला सोबत न्यावं. बाहेर पडताना मिळणाऱ्या पावतीवर नोंदणी क्रमांक आणि वेळ मिळून 28 आकडे असतात, नाव दोन्ही लिप्यांत असतं. ती पावती खिशात घालण्याआधी वाचावी. आधारच्या भाषांमध्ये मराठीही आहे आणि महाराष्ट्रात काढलेलं मराठीतलं आधार देशभर चालतं. तरी होसकोट्यात कायम राहायचं असेल तर कार्डावर कन्नड असलेलं बरं, असं माझं मत आहे. रेशन दुकानात, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत ते वाचणारा माणूस कन्नड आहे.

बारा आकड्यांतला शेवटचा आकडा राखणदार असतो. याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञाने 1969 मध्ये मांडलेल्या पद्धतीने तो आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो. कुठलाही एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि यंत्र तो क्रमांक नाकारतं. आकड्यांच्या चुकीवर असा पहारा आहे. नावाच्या चुकीवर असा कोणताही पहारा नाही. नावाची चूक पकडायची ती आपणच.

नावाचा प्रश्न मराठी माणसासाठी कर्नाटकात विशेष बिकट होतो, कारण नाव लिहिण्याच्या दोन रीती तिथं एकमेकींत मिसळतात. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. कर्नाटकात अनेक घरांत आडनाव लिहितच नाहीत. नावाच्या मागे-पुढे गावाचं आणि वडिलांच्या नावाचं आद्याक्षर येतं. होसकोट्याच्या शाळेत मराठी मुलाचं नाव घालताना हजेरीपटाच्या सवयीने ‘ओंकार संतोष जाधव’चा ‘ओंकार एस. जे.’ होतो. पहिलीत कोणाला त्याचं काही वाटत नाही. दहावीला हेच नाव कर्नाटकच्या एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर छापून येतं, आणि पुढं पासपोर्टच्या अर्जात स्वतःचं नाव आणि आडनाव असे दोन रकाने समोर येतात. आद्याक्षरं तिथं उलगडूनच लिहावी लागतात. मग दाखल्यावर एक, गुणपत्रिकेवर दुसरं, आधारवर तिसरं. शिवाय मराठी घरांमधला जुना घोळ असतोच: एका कागदावर ‘बाळासाहेब’, दुसऱ्यावर ‘बाळू’, ‘दत्तात्रय’च्या इंग्रजी स्पेलिंगात शेवटचा ‘ए’ कधी आहे कधी नाही, ‘चव्हाण’ची तीन स्पेलिंगं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटन व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा आडनावाचा रकाना मोकळा सोडलेल्या अनेकांची पंचाईत झाली. म्हणून मूल शाळेत घालताना मुख्याध्यापकांना जन्मदाखला दाखवून सांगावं, नाव पूर्ण लिहा, आडनावासकट. ती पाच मिनिटं पुढची पाच वर्षं वाचवतात.

लग्न झालेल्या बाईचं दुखणं याहून मोठं. आपल्याकडे अनेक घरांत लग्नात आडनावच काय, पाळण्यातलं नावही बदलतात. शाळा सोडल्याचा दाखला ‘सुरेखा ज्ञानोबा मोरे’चा आणि रेशनकार्ड ‘स्नेहल अमोल पाटील’चं. ती आणि ही एकच, हे सिद्ध करणारा कागद लग्नात कोणी केलेलाच नसतो. आधारला नावबदलासाठी विवाह नोंदणीचा दाखला चालतो. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख आणि लिंग एकदाच. त्यापुढं राजपत्र आणि प्राधिकरणाची खास परवानगी. पहिलं नावही बदललं असेल तर विवाह दाखल्याच्या जोडीला राजपत्रातली नोंद असलेली फार चांगली, कारण पुढे पासपोर्ट, वारसा, निवृत्तिवेतन अशा प्रत्येक ठिकाणी ती चालते. याबाबतीत मला जे वाटतं ते स्पष्ट सांगतो: मुलीचं शाळेतलं नाव कागदावर बदलूच नये. घरात हवं त्या नावाने हाक मारावी. नाव बदलण्याची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही, पासपोर्टलाही ती नाही. लग्नानंतर वीस वर्षांनी दोन नावांची एकच बाई आहे हे सिद्ध करत फिरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीनेही ते नाव स्वतःहून बदललेलं नव्हतं.

लहान मुलांच्या आधारबद्दल एवढं ध्यानात ठेवावं: पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत, आई किंवा वडिलांच्या आधारला जोडून निळं बाल आधार मिळतं. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर एकदा आणि पंधरा पूर्ण झाल्यावर दुसऱ्यांदा ठसे द्यावेच लागतात. वेळेवर केलं तर पैसे पडत नाहीत.

ठशांचं दुखणं मोठ्यांनाही असतं. वीटभट्टीवर, बांधकामावर, दगडखाणीत हात झिजवलेल्या माणसाच्या बोटांच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. नोंदणीत दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचं चित्र घेतात ते याचसाठी, आणि आता चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. रेशन दुकानात ‘ठसा लागत नाही, उद्या या’ असं ऐकावं लागलं तर बुबुळ किंवा ओटीपी हे पर्याय मागावेत. ठसा लागत नाही म्हणून धान्य नाकारता येत नाही, असं प्राधिकरणानेच कळवलेलं आहे.

पासपोर्टची गोष्ट वेगळी. भारतीय पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. होसकोट्यात पोस्टमन जी पुस्तिका दारात देतो तिचा प्रवास नाशिकहून सुरू झालेला असतो. मुखपृष्ठावर छोटं सोनेरी चिन्ह आणि आत चिप असलेले ई-पासपोर्ट एप्रिल 2024 पासून प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाले, आणि सुरुवातीच्या शहरांत नागपूर होतं. पासपोर्ट आपल्या नावाचा असला तरी 1967 च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो केंद्र सरकारची मालमत्ता असतो, म्हणून तो गहाण ठेवणं किंवा मालकाने काढून घेणं बेकायदा आहे. आखातात गेलेल्या कामगारांनी हे नीट लक्षात ठेवावं.

होसकोट्याचा अर्जदार सहसा बंगळूरला जातो. शहरातली पासपोर्ट सेवा केंद्रं लालबाग रस्त्याला आणि मारतहळ्ळीच्या बाजूला आऊटर रिंग रोडवर आहेत. 2018 पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, त्यामुळे गावी सुट्टीला गेल्यावर सोलापूर किंवा कोल्हापूरकडे वेळ घेतली तरी चालते. पोलीस तपासणी मात्र अर्जातल्या पत्त्यावरच होते. होसकोट्याचा पत्ता दिला तर होसकोट्याचे पोलीस. 36 पानी पुस्तिकेचं शुल्क 1500 रुपये, तत्काळसाठी आणखी 2000. केंद्रात ए, बी आणि सी असे तीन टप्पे असतात. ए मध्ये फोटो, ठसे आणि कागदांची नोंद घेणारी मंडळी खासगी कंपनीची. बी आणि सी मध्ये सरकारी अधिकारी. निर्णय बी आणि सी मध्ये होतो, त्यामुळे ए मध्ये ‘हे चालणार नाही’ असं ऐकलं तर शांतपणे, पुढच्या अधिकाऱ्यांना दाखवू द्या, असं म्हणावं.

जन्मतारखेच्या पुराव्याचे नियम जन्मसालाप्रमाणे बदलतात. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना फक्त जन्मदाखला. दुसरा कागद चालत नाही. त्याआधी जन्मलेल्यांना डिसेंबर 2016 पासून शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन, आधार, वाहन परवाना, विम्याची पॉलिसी यांपैकी एक पुरतं. म्हणजे होसकोट्याच्या घरातलं आजचं तान्हं बाळ आणि त्याचा बाप यांच्यासाठी नियम सारखे नाहीत. बापाचं आधारवर भागलं. बाळाला बार्शीचाच दाखला आणावा लागणार. आणखी एक: दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर स्थलांतर तपासणीची अट येते आणि आखातातल्या देशांसह ठरावीक 18 देशांत नोकरीला जाताना वेगळी परवानगी लागते. दहावी झाली असेल तर ते प्रमाणपत्र जोडायला विसरू नये.

परदेशात जन्मलेल्या मुलाचा पहिला कागद तर आणखी दूर असतो. दुबईत जन्मलेल्या मराठी बाळाला तिथलं नागरिकत्व मिळत नाही. भारतीय नागरिकत्वासाठी 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमाखाली त्याचा जन्म वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवावा लागतो, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. अमेरिकेत जन्मलेलं बाळ जन्मानेच अमेरिकन. त्याला भारताचा पासपोर्ट आणि अमेरिकेचा, असे दोन्ही ठेवता येत नाहीत. त्याच्यासाठी ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक, कार्ड. त्यावर भारतात कितीही राहता येतं, मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आधार परदेशात बसून निघत नाही. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय मायदेशी आल्या-आल्या नोंदणी करू शकतो, 2019 पासून त्याला 182 दिवस थांबावं लागत नाही. ओसीआय कार्डधारकाला आधीच्या वर्षभरात 182 दिवस भारतात काढलेले असावे लागतात. ख्रिसमसच्या सुट्टीत तीन आठवड्यांसाठी आलेल्या नातवाचं आधार काढायला घेऊन जाणाऱ्या आजोबांना हे आधी कळलं तर त्यांची फेरी वाचेल.

पहिल्या कागदाची ताकद पाहायची तर मॉरिशसकडे पाहावं. 1834 पासून तिथं भारतीय मजूर गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. बंदरावरच्या कारकुनाने प्रत्येकाला एक क्रमांक दिला, नाव, बापाचं नाव, गाव त्याला ऐकू आलं तसं इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाने लिहिलं. ती दफ्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत. त्या कारकुनाच्या लेखणीतून उतरलेली स्पेलिंगं आजही तिथल्या कुटुंबांची आडनावं आहेत. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय देण्याची घोषणा झाली. सातव्या पिढीतल्या माणसाला मूळपुरुषाशी नातं सिद्ध करायला लागतो तो हाच, बंदरावर लिहिलेला, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा नोंदीचा कागद.

शेवटी घरातल्या आजीबद्दल. मुलाकडे होसकोट्याला राहायला आलेली, शाळेत न गेलेली, जन्माची नोंद कधी न झालेली. गौरी-गणपतीतला जन्म एवढं तिला ठाऊक. आधार काढताना ऑपरेटरने वय विचारलं आणि तारीख पडली 1 जानेवारी. देशात अशा लाखो आज्या-आजोबांचा वाढदिवस कागदोपत्री 1 जानेवारीला येतो; काहींच्या आधारवर नुसतं जन्मवर्ष आहे. तिला मुलीकडे दुबईला जायचं असेल तर पासपोर्टला ही तारीख चालते, पण मतदार कार्डावर, पॅनवर, बँकेत हीच तारीख असली पाहिजे. खरी तारीख शोधून आधारवर बदलण्याचा मोह टाळावा, कारण ती संधी एकदाच मिळते आणि नव्या तारखेला पुरावा मागतात तो घरात नसतो. आधार हा जन्मतारखेचा पक्का पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात म्हटलंय; भविष्य निर्वाह निधी संघटनेनेही त्याच वर्षी जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळलं. तेव्हा आजीच्या बाबतीत करायचं ते एवढंच: सगळे कागद एका बैठकीत समोर मांडावेत, सगळ्यांवर एकच नाव आणि एकच तारीख आहे का ते पाहावं, जो एक वेगळा निघेल तो आधी दुरुस्त करावा, आणि मगच पासपोर्टची वेळ घ्यावी.